गाडीच्या विम्याचा खर्च आणि सावध ड्रायव्हिंग

व्यापारात नफा दोन वाटांनी येतो. एक वाट माल विकण्याची आणि दुसरी खर्च आवरण्याची. पहिल्या वाटेवर आपण सर्वजण डोळ्यांत तेल घालून उभे असतो. मीटरमागे चार आणे कमी आले तर गिऱ्हाइकाशी तासभर घासाघीस करतो. दुसऱ्या वाटेकडे मात्र आपले लक्ष नसते. गाडीच्या विम्याचेच उदाहरण घ्या. वर्षाकाठी एजंटाचा फोन येतो, तो आकडा सांगतो, आपण पैसे पाठवतो आणि पॉलिसीचा कागद न वाचताच गल्ल्याखालच्या खणात ठेवून देतो. आकडा गेल्या वर्षीपेक्षा का वाढला, तो कमी करणे आपल्या हातात आहे की नाही, हे आपण विचारीत नाही.

आम्हीही विचारीत नव्हतो. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले आणि पॉलिसी इंग्रजीत असते, ही सबब आम्ही बरीच वर्षे स्वतःला सांगितली. आमच्याकडे एक मोटार आणि कापड ने-आण करण्यासाठी एक टेम्पो आहे. या दोन गाड्यांनी आम्हाला दोन धडे शिकवले आणि दोन्ही धड्यांची फी आम्ही खिशातून भरली. आमच्या वाचक बंधूंना ती भरावी लागू नये म्हणून हा लेख.

न्यूयॉर्कमधील पद्धत

आमचा एक भाचा अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी राहतो. मागे तो सुटीवर आला असता विम्याची गोष्ट निघाली. तो म्हणाला, "मामू, आमच्याकडे सहा तासांचा वर्ग केला की विम्यात दहा टक्के सुटतात. तुमच्याकडे नाही का असे काही?"

आम्ही चौकशी केली तेव्हा कळले की त्याची गोष्ट खरी आहे. न्यूयॉर्क राज्याच्या मोटार वाहन विभागाची तशी एक योजना आहे. मान्यताप्राप्त संस्थेत अपघात टाळण्याच्या ड्रायव्हिंगचा वर्ग करायचा. त्याचा शिकवणीचा वेळ कमीत कमी ३२० मिनिटे, म्हणजे पाच तास वीस मिनिटे. वर्ग पूर्ण करणारा माणूस त्या गाडीचा मुख्य चालक असेल, तर दुसऱ्याचे नुकसान आणि गाडीची टक्कर या दोन भागांच्या मूळ हप्त्यात तीन वर्षे दहा टक्के सूट मिळते. ही सूट कंपनीच्या मर्जीवर नसून कायद्याने मिळते. शिवाय वाहतुकीचे नियम मोडल्याबद्दल लायसन्सवर जे गुण चढतात, त्यांतील चारपर्यंत गुण लायसन्स निलंबनाच्या हिशेबात धरले जात नाहीत. तीन वर्षांनी सूट हवी असेल तर वर्ग पुन्हा करावा लागतो.

या ड्रायव्हिंगला तिकडे 'डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग' म्हणतात. आपण त्याला सावध ड्रायव्हिंग म्हणू. रस्त्यावरचा दुसरा माणूस चूक करणारच आहे असे धरून आपली गाडी अशी चालवायची की त्याच्या चुकीनेही आपला अपघात होऊ नये, हा त्याचा अर्थ.

आता भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर. आपल्या देशात असा वर्ग केल्याबद्दल कायद्याने मिळणारी सूट नाही. एजंटापुढे प्रमाणपत्र ठेवले म्हणून हप्ता कमी होणार नाही. परंतु म्हणून ही विद्या आपल्या उपयोगाची नाही असे समजणे ही मोठी गफलत ठरेल. तिकडे वर्गाचे दहा टक्के मिळतात. आपल्याकडे वर्गाचे काही मिळत नाही, पण सावधपणाचे पन्नास टक्क्यांपर्यंत मिळतात. ते कसे, हे समजण्यासाठी हप्ता कसा बनतो हे आधी पाहिले पाहिजे.

हप्त्याचे दोन भाग

गाडीच्या विम्याचे दोन भाग असतात. पहिला भाग 'थर्ड पार्टी'. आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली, कोणी दगावला किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई यातून होते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे हा विमा प्रत्येक गाडीला सक्तीचा आहे. तो नसताना गाडी रस्त्यावर आणली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास दंड ४,००० रुपये आहे.

या भागाचे दर सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १,००० सी.सी.पर्यंतच्या खासगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सी.सी.ला ३,४१६ रुपये आणि त्यावरच्या मोटारीला ७,८९७ रुपये ठरले. भाड्याने माल वाहणाऱ्या साडेसात हजार किलोपर्यंतच्या चारचाकी गाडीला १६,०४९ रुपये ठरले. त्यावर कर वेगळा. या भागात घासाघीस नाही आणि बोनसही नाही.

दुसरा भाग 'ओन डॅमेज', म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीचे नुकसान किंवा चोरी. हा भाग ऐच्छिक आहे. १ जानेवारी २००७ पासून याचे दर कंपन्यांना मोकळे झाले, म्हणून एकाच गाडीला दोन कंपन्या दोन आकडे सांगतात. सावध चालकाची कमाई होते ती याच भागात.

इथे एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. विमा जायज की नाजायज, हा प्रश्न आमचे अनेक बांधव विचारतात. तो प्रश्न आलिमांचा आहे आणि तो त्यांनाच विचारावा. कापडवाल्याने त्यात फतवा देऊ नये. आम्ही एवढेच म्हणतो की थर्ड पार्टी भागातून कायद्याने कोणाची सुटका नाही. आणि जो बांधव फक्त सक्तीचा तेवढाच विमा घेतो, त्याच्या स्वतःच्या गाडीचे नुकसान त्याच्याच खिशातून जाते. म्हणून सावध ड्रायव्हिंगची गरज त्याला इतरांपेक्षा अधिकच आहे.

पहिला धडा : बंपरचा क्लेम

ओन डॅमेज भागात 'नो क्लेम बोनस' नावाची सूट असते. एक वर्ष क्लेम केला नाही तर पुढील हप्त्यात २० टक्के, सलग दोन वर्षांनी २५, तीन वर्षांनी ३५, चार वर्षांनी ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के. ही शिडी एकेक पायरीने चढायची असते. पण एक क्लेम केला की माणूस थेट जमिनीवर येतो आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात होते.

आमच्या मोटारीला चार वर्षे क्लेम नव्हता. हप्त्यात ४५ टक्के सूट मिळत होती. पाचव्या वर्षी एका लग्नाच्या गर्दीत गाडी मागे घेताना ती खांबाला लागली आणि बंपर फुटला. गॅरेजवाल्याने ६,००० रुपयांचे बिल सांगितले, ४,००० नव्या बंपरचे आणि २,००० रंग व मजुरीचे. आम्ही म्हटले, विमा आहे तर खिशातून का द्यायचे? क्लेम केला.

पैसे किती मिळाले? बंपर प्लॅस्टिकचा असतो, आणि साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक व रबराच्या भागांवर निम्मी घट धरतात. म्हणून २,००० तिथे गेले. प्रत्येक क्लेममध्ये ठरलेली रक्कम मालकाने सोसायची असते, ते १,००० गेले. रंगाच्या मालावरही थोडी घट बसली. पदरात जेमतेम २,७०० रुपये पडले.

आता दुसऱ्या बाजूचा हिशेब पाहा. सूट धरण्यापूर्वीचा ओन डॅमेज हप्ता १२,००० रुपये होता असे समजा. क्लेम केला नसता तर पुढे दरवर्षी ५० टक्के सूट, म्हणजे ६,००० रुपये भरावे लागले असते. क्लेममुळे पुढील वर्षी सूट शून्य झाली, म्हणजे ६,००० जास्त गेले. त्याच्या पुढील वर्षी ५० ऐवजी २०, म्हणजे ३,६०० जास्त. मग ५० ऐवजी २५, म्हणजे ३,०००. मग ३५, म्हणजे १,८००. मग ४५, म्हणजे ६००. पाच वर्षांची बेरीज १५,००० रुपये. गाडी जुनी होते तशी तिची किंमत आणि मूळ हप्ता उतरतो, म्हणून प्रत्यक्ष आकडा काहीसा कमी भरेल. तरीही २,७०० रुपयांसाठी आम्ही दहा हजारांहून अधिक रुपये घालवले. हा हिशेब आमच्या मुलाने वहीत मांडून दाखवला तेव्हा आम्ही खजील झालो. कापडात असा सौदा आम्ही कधी केला नसता.

म्हणून नियम असा धरावा : क्लेमचा अर्ज करण्यापूर्वी कागदावर दोन आकडे लिहावेत. घट वजा जाता हातात काय येणार, आणि पुढील वर्षांत किती बोनस बुडणार. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा बराच मोठा असेल तरच क्लेम करावा. मोठ्या नुकसानीसाठीच विमा असतो. खरचटणे, फुटलेला आरसा, दबलेला दरवाजा यांचा खर्च खिशातून करणेच स्वस्त पडते. मात्र दुसऱ्या माणसाला इजा झाली असेल तर हा हिशेब लागू नाही. तेव्हा जखमीला दवाखान्यात नेणे, पोलिसांना कळवणे आणि विमा कंपनीला खबर देणे हे कायद्याने बंधनकारक आहे आणि माणुसकीचेही काम आहे.

बोनसबद्दल चार गोष्टी

एक, बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी मोटार विकून नवी घेताना कंपनीकडून बोनसचे पत्र मागून घ्यावे. त्याच प्रकारच्या नव्या गाडीवर ती सूट मिळते, आणि हे पत्र तीन वर्षांपर्यंत चालते. अनेक बांधव हे पत्र न घेता गाडी विकतात आणि नव्या गाडीवर पूर्ण हप्ता भरतात.

दोन, पॉलिसीची मुदत संपून ९० दिवस उलटले तर साठलेला सारा बोनस बुडतो. तारीख दुकानाच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

तीन, कंपनी बदलली तरी बोनस सोबत येतो. तेव्हा दरवर्षी दोन-तीन ठिकाणी भाव विचारण्यात नुकसान नाही. मालकाचे निधन झाले आणि गाडी पत्नी, मुले किंवा आई-वडील यांच्याकडे वारशाने गेली, तर बोनसही त्यांच्याकडे जाऊ शकतो.

चार, क्लेम केलेला असताना "केला नाही" असे सांगून बोनस घेऊ नये. एजंट म्हणतो, कोण बघतो? मोठा अपघात झाला की सर्व्हेअर बघतो. नवी कंपनी जुन्या कंपनीला विचारते, खोटे उघडे पडते आणि ऐन गरजेच्या वेळी ओन डॅमेजचा दावा अडकतो. दोन हजार वाचवण्यासाठी इमान आणि लाखाची भरपाई दोन्ही घालवण्यात काय बरकत आहे?

दुसरा धडा : घाटातला टेम्पो

पहिल्या धड्यात पैसे गेले. दुसऱ्या धड्यात एका तरुणाचा जीव जाता जाता वाचला.

ईदेला तीन आठवडे होते. मालेगावहून ग्रे कापडाच्या गाठी घेऊन आमचा टेम्पो भिवंडीकडे निघाला. त्यांतील निम्मा माल आमचा नव्हता. चार-पाच माग चालवणाऱ्या एका लहान कारखानदाराचा होता आणि तो आमच्या गाडीत अमानत म्हणून आला होता. ड्रायव्हर बावीस वर्षांचा, मेहनती पोरगा. दिवसभर गाठी चढवण्यात त्यानेही हात लावला होता आणि रात्री उशिरा निघाला होता. सकाळी प्रोसेसवाल्याकडे माल द्यायचा होता. आम्ही त्याला वाटेत तीन वेळा फोन केला. "कुठे पोहोचलास? अजून इगतपुरीच?"

कसारा घाट उतरताना पाऊस होता. डिझेल वाचते आणि गाडी पळते म्हणून त्याने गिअर काढून न्यूट्रलवर गाडी सोडली. न्यूट्रलवर इंजिनाची ओढ गाडीला धरून ठेवीत नाही, सारे वजन ब्रेकवर येते. ब्रेक तापले आणि धरेनासे झाले. वळणाच्या पुढे एक ट्रेलर हळू चालला होता. टेम्पो त्याच्या मागे जाऊन आदळला.

पोराचा पाय दोन ठिकाणी मोडला. क्लीनर बचावला. ताडपत्री फाटून गाठी भिजल्या. टेम्पो सव्वा महिना गॅरेजात पडून राहिला आणि ईदेचा मोसम हातचा गेला.

विम्याने काय दिले? गाडीच्या दुरुस्तीचा मोठा भाग दिला. ड्रायव्हरच्या दुखापतीची भरपाई ही कायद्याने मालकाची जबाबदारी. ती पॉलिसीत सामील होती, म्हणून ती निघाली. पण गाडीच्या विम्यात गाडीतला माल येत नाही. त्यासाठी वाहतुकीतील मालाचा वेगळा विमा लागतो आणि तो आमच्याकडे नव्हता. त्या कारखानदाराच्या भिजलेल्या कापडाचे पैसे आम्ही खिशातून भरले. बुडालेल्या मोसमाची भरपाई तर कोणतीच पॉलिसी देत नाही.

दवाखान्यात आम्ही पोराला रागाने विचारले, "न्यूट्रल का केलीस?" तो म्हणाला, "शेठ, तुमचा फोन आला ना, म्हणून." यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

टेम्पोच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे. मालवाहू गाडीच्या हप्त्यात थर्ड पार्टीचा वाटा मोठा असतो आणि त्यात सूट नाही. म्हणून बोनसची बचत मोटारीच्या मानाने हप्त्यात कमी दिसते. खरी बचत असते ती गाडी रस्त्यावर चालू राहण्यात, माल कोरडा पोहोचण्यात आणि माणूस धडधाकट घरी येण्यात.

सावध ड्रायव्हिंगचे धडे

पोरगा बरा झाल्यावर एस.टी.तून निवृत्त झालेल्या एका जुन्या ड्रायव्हरकडे आम्ही त्याला पाठवले. पहिल्याच दिवशी त्याच्या शेजारी बसून फेरी मारून आल्यावर ते म्हणाले, "शेठ, पोराला गाडी पळवता येते. थांबवता येत नाही." आठ दिवस त्यांनी जे शिकवले त्याचा सार येथे देतो.

१. तीन सेकंदांचे अंतर : पुढची गाडी रस्त्याकडेच्या एखाद्या खांबापाशून गेली की मनात सेकंद मोजावेत. आपण त्या खांबापाशी तीन सेकंदांच्या आत पोहोचलो तर आपण फार जवळ आहोत. ताशी ६० च्या वेगाने गाडी एका सेकंदात १६ ते १७ मीटर जाते, ८० च्या वेगाने २२ मीटर. म्हणजे पाय ब्रेकवर जाईपर्यंतच गाडी एका मोठ्या दुकानाच्या लांबीइतकी पुढे गेलेली असते. गाडी भरलेली असेल किंवा पाऊस असेल तर हे अंतर दुप्पट करावे.

२. वेगाचा हिशेब : वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ६० वरून ८० वर गेल्यानेच जोर पावणेदोन पटीच्या वर जातो. आणि मिळते काय? २४० किलोमीटरच्या वाटेवर सरासरी ५० ऐवजी ६० ठेवली तर पाऊण तासच वाचतो.

३. नजर लांब, आरसा वारंवार : नजर पुढच्या गाडीच्या दिव्यांवर खिळवू नये, तिच्याही पलीकडचा रस्ता पाहावा. दर काही सेकंदांनी आरसे पाहावेत. उभ्या बसच्या पुढून माणूस येणारच, चेंडूमागे मूल धावणारच, गल्लीतून दुचाकी न बघता बाहेर पडणारच, असे धरून चालावे.

४. ट्रकच्या आरशात ड्रायव्हर दिसत नसेल तर त्यालाही आपण दिसत नाही : अशा जागी रेंगाळू नये. वळणावर, पुलावर आणि चढाच्या माथ्यावर ओव्हरटेक करू नये.

५. घाट उतरताना गिअर : ज्या गिअरमध्ये तो चढ चढावा लागला असता, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावे. न्यूट्रल कधीही नाही. ब्रेकवर सतत पाय दाबून ठेवू नये.

६. झोप आणि फोन : पहाटेची वेळ आणि दुपारच्या जेवणानंतरची वेळ सर्वांत घातक. दोन तासांनी गाडी थांबवावी, तोंड धुवावे, चार पावले चालावे. जांभई आली की चहा पुरत नाही, डुलकीच काढावी. फोन आला तर गाडी बाजूला घेऊन बोलावे.

७. निघण्यापूर्वी पाच मिनिटे : टायर, ब्रेक, मागचे लाल दिवे, चमकपट्टी, ताडपत्रीची दोरी. वाटेत गाडी बंद पडली तर दूर मागे त्रिकोणी खूण ठेवावी. अंधारात उभ्या गाडीवर मागून आदळून अनेक जीव गेले आहेत.

ज्यांना रीतसर प्रशिक्षण हवे असेल त्यांच्यासाठी पुण्याजवळ भोसरी येथे केंद्रीय मार्ग परिवहन संस्था आहे. तिथे चालकांचे वर्ग चालतात. जवळच्या आर.टी.ओ.मध्येही मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची चौकशी करावी. चार-पाच व्यापाऱ्यांनी मिळून आपल्या ड्रायव्हरांसाठी एखादा अनुभवी शिक्षक दोन दिवस बोलावला तर खर्च वाटला जातो.

मालकाचे काम

ड्रायव्हर शिकला आणि मालक तसाच राहिला तर काही उपयोग नाही. मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्यात दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती, मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ मध्ये त्याच कायद्याचा हवाला आहे. तो नियम पाळण्यात आपलाच फायदा आहे. दिवसभर हमाली करवून रात्री स्टिअरिंगवर बसवू नये. चालत्या गाडीत ड्रायव्हरला फोन करू नये. आमच्या दुकानात आता नियम आहे : ड्रायव्हर थांबला की तो फोन करील, आम्ही करणार नाही. वर्षभर गाडीला ओरखडा न आणणाऱ्याला वाचलेल्या बोनसमधून ईदेला बक्षीस देतो. तो पैसा त्याच्या हातांनीच वाचवलेला असतो.

कागदही मालकाने पाहावेत. ड्रायव्हरचे लायसन्स चालू आहे का, त्या प्रकारच्या गाडीचे आहे का, हे कामावर ठेवतानाच बघावे. लायसन्स नसलेल्या माणसाने अपघात केला तर कंपनी जखमीला पैसे देऊन ते मालकाकडून वसूल करू शकते. हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स असणारा साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पक्के केले आहे. त्यापुढच्या वजनाला त्या प्रकारच्या गाडीचे लायसन्स हवेच.

आणि आमच्या कापडवाल्या बांधवांसाठी खास सूचना. खासगी मोटारीच्या पॉलिसीत माल वाहण्याची परवानगी नसते. नमुने आणि स्वतःचे सामान एवढेच चालते. मोटारीच्या मागच्या सीटवर थान रचून गिऱ्हाइकाकडे पोहोचवताना अपघात झाला तर कंपनी दावा नाकारू शकते. नमुन्याची पिशवी ठीक आहे, गाठ नाही.

पुढची वाट

जुलै २०२२ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने कंपन्यांना नव्या प्रकारांची परवानगी दिली. ओन डॅमेज भागात गाडी किती चालली यावर आणि ती कशी चालवली यावर हप्ता ठरवता येतो. ज्याची मोटार आठवड्यातून दोनदाच निघते, त्याने या प्रकाराची चौकशी जरूर करावी. जोरात ब्रेक, जोरात वेग यांची नोंद यंत्र ठेवणार असेल, तर सावध माणसाला त्याचे मोल आणखी मिळेल.

थोडक्यात, हप्ता कमी करण्याचे औषध एजंटाच्या खिशात नाही, ते गाडी चालवणाऱ्याच्या सवयीत आहे. या आठवड्यात आमच्या वाचकांनी एवढे करावे. खणातली पॉलिसी काढावी, स्वतःला वाचता येत नसेल तर मुला-मुलीकडून वाचून घ्यावी, आणि तीन गोष्टी पाहाव्यात : मुदत कधी संपते, बोनस किती टक्के लागला आहे आणि गाडी कोणत्या कामासाठी नोंदली आहे. मग ड्रायव्हरच्या शेजारी बसून एक फेरी मारावी आणि पुढच्या गाडीपासून तो किती सेकंद अंतर ठेवतो ते गुपचूप मोजावे.

आमचा पोरगा आजही आमच्याकडेच आहे. पावसात त्याचा पाय दुखतो. घाटात तो दुसऱ्या गिअरमध्ये उतरतो, मागचे लोक हॉर्न वाजवतात, तो ऐकत नाही. माल पाऊण तास उशिरा येतो आणि कोरडा येतो.